बोर्ड लावला तर दचकणार कोण?

पत्राचा सारांश: सोलापुरात पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक वाचक आणि त्याचे दोन सहाध्यायी कॉलेजच्या प्रदर्शनात ‘२००४चं नेट कॅफे’ असा स्टॉल मांडणार आहेत. जुना डबा मॉनिटर, प्लायचं पार्टिशन आणि त्या काळात गाजलेला चक्रव्यूहाचा खेळ. माउसने ठिपका अरुंद वाटेतून न्यायचा, आणि तिसऱ्या टप्प्यात अचानक किंचाळणारा चेहरा येतो. दुसऱ्या मशीनवर तेव्हाच्या ‘शॉक साइट्स’ची, म्हणजे किळसवाणी किंवा भयानक चित्रं दाखवणाऱ्या साइट्सची, पानं धूसर करून दाखवायचाही बेत आहे. वाचकाच्या चुलतभावाचं त्या काळी नवी पेठेत कॅफे होतं. ‘लई मजा यायची बे, सगळे हसून हसून लोळायचे,’ हे दादाचं सांगणं या बेतामागे आहे. प्रदर्शनाला शाळेची मुलं आणि पालकही येतात. टीममधली मैत्रीण म्हणते, बाहेर सूचनेचा बोर्ड नसेल तर मी यात नाही. वाचकाचा प्रश्न: बोर्ड लावला तर दचकणार कोण? ती उगाच नाजूकपणा करतेय, की माझं काही चुकतंय?

उत्तर:

‘कळलं की मजा गेली’ हे वाक्य तू पत्रात तीनदा लिहिलं आहेस. तुमचं सगळं भांडण या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून आधी तेच तपासू. ते निम्मंच खरं आहे.

माणूस दचकतो तेव्हा नेमकं काय होतं ते बघ. अचानक मोठा आवाज झाला की साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात पापण्या मिटतात, खांदे वर येतात, मान आत जाते. हे काम मेंदूच्या अगदी खालच्या भागातून होतं. विचार करणाऱ्या भागापर्यंत बातमी पोचायच्या आत शरीर हलून मोकळं झालेलं असतं. दिवाळीत समोरचा सुतळी बॉम्ब फुटणार हे माहीत असूनही आपण दचकतोच ना? वात किती उरलीय ते दिसत नसेल तर जास्तच. म्हणजे ‘काय’ होणार हे कळल्याने फारसं बिघडत नाही. ‘कधी’ होणार हे कळलं की मात्र धार जाते. तुझ्या स्टॉलमध्ये लपवायची गोष्ट एवढीच, वेळ. प्रकार लपवायची गरज नाही.

आता उलट बाजूने बघ. बोर्ड लावला नाही, गुपित ठेवलं, तर ते किती वेळ टिकेल? पहिले पंधरा-वीस जण बाहेर पडतील आणि कँटीनमध्ये जाऊन सांगतील, ‘तिसऱ्या लेव्हलला भूत येतंय.’ दुपारच्या जेवणापर्यंत अख्ख्या कॉलेजला कळलेलं असेल, तेही नेमक्या ठिकाणासकट. मग पुढचे सगळे तिसऱ्या टप्प्याला डोळे किलकिले करून, स्पीकरवर हात ठेवून बसणार. गुपितावर चालणारा स्टॉल दुपारनंतर बंद पडतो. वेळेच्या अनिश्चिततेवर चालणारा संध्याकाळपर्यंत चालतो. मैत्रिणीचं म्हणणं मान्य करायला हे एक कारण पुरेसं होतं, पण आणखीही आहेत.

त्यासाठी त्या खेळाकडे जरा बारकाईने बघावं लागेल. तो जेरेमी विंटररॉड या अमेरिकन माणसाने २००३-०४च्या सुमारास फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये खेळ आणि ॲनिमेशन चालवणाऱ्या तेव्हाच्या तंत्रात, केला. त्यातला चेहरा १९७३च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटातल्या झपाटलेल्या मुलीचा. रचना फार हुशार होती. पहिला टप्पा रुंद, दुसरा जरा अरुंद, आणि तिसऱ्यात वाट इतकी बारीक की खेळणारा आपण होऊन पडद्याकडे झुकतो, श्वास रोखतो, सगळं लक्ष माउसच्या टोकावर आणतो. कोणी सांगितलेलं नसताना तो स्वतःला दचकायच्या जागी आणून बसवतो. चेहरा पडद्यावर आला तेव्हा नाक काचेपासून वीतभर अंतरावर. खेळाची सगळी करामत त्या वाटेत होती. किंचाळणं कुणीही केलं असतं.

फ्लॅशचाही यात मोठा हात होता, आणि ही गोष्ट तुझ्या स्टॉलच्या माहितीफलकावर यायलाच हवी. डायल-अपचा वेग ५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला फार तर ७ किलोबाइट. २१० केबीचा फोटो उघडायला अर्धा मिनिट लागायचा आणि तो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचा. असं भूत कुणाला घाबरवणार? आधी केस दिसणार, मग कपाळ, तेवढ्यात चहा येणार. फ्लॅशची फाइल मात्र ‘लोडिंग’चा पट्टा भरेपर्यंत थांबायची आणि मग चित्र, आवाज, हालचाल सगळं आधीच मशीनमध्ये असायचं. त्यामुळे चेहरा एका झटक्यात यायचा. तो लोडिंगचा पट्टा तुझ्या खेळात जरूर ठेव, आज त्याची गरज नसली तरी.

त्याच सुमाराचं दुसरं उदाहरण जर्मनीतलं. के-फी या कॉफीच्या पेयाच्या टीव्ही जाहिराती २००४मध्ये आल्या. हिरव्या डोंगरातून वळणं घेत एक गाडी शांतपणे जातेय, संथ संगीत, आणि एकदम किंचाळणारं भूत. मागून ओळ: इतके जागे तुम्ही कधीच नव्हता. टीव्हीवर तिला संदर्भ होता, ती कॉफीची जाहिरात होती. ईमेलमधून फिरताना संदर्भ गळून पडला आणि ‘नीट बघ, गाडीजवळ धुकं दिसतं का’ असली आमिषं चिकटली. चित्रफीत तीच, पण देणाऱ्याने वर खोटी चिठ्ठी लावलेली.

इथे दादाच्या आठवणीकडे येऊ. ‘सगळे हसून लोळायचे’ हे खरंच असणार, खोटं बोलायचं त्याला कारण नाही. पण तो कुठे उभा होता ते विचार. कॅफेचा मालक खुर्चीच्या मागे असतो. मागे उभे असलेले हसतातच, आणि खुर्चीतलाही चारचौघांत हसून साजरं करतो, नाहीतर ‘फट्टू’ म्हणून नाव पडतं. जो हसला नाही तो उरलेल्या वेळेचे पैसे न मागता निघून गेला आणि पुन्हा आला नाही. त्याची आठवण दादाकडे कशी असेल? २००६मध्ये यूट्यूबवर एका लहान मुलाचा व्हिडिओ गाजला होता. खेळता खेळता चेहरा येतो, पोरगं किंचाळून मॉनिटरला हात मारतं आणि रडत सुटतं. लाखो लोक ते बघून हसले. चित्रीकरण करणारा खुर्चीच्या मागेच होता. जुन्या इंटरनेटची जी मजा आपल्यापर्यंत पोचली आहे ती बहुतेक कॅमेऱ्यामागच्या बाजूने पोचली आहे.

आणखी एक गृहीत तुझ्या पत्रात दडलेलं आहे. चक्रव्यूहाचा खेळ आणि शॉक साइट्स तू एका पंक्तीत बसवले आहेस. दोन्हींत फसवून दाखवणं आहे, म्हणून ते एक वाटतात. पण परिणाम वेगळा. दचकलेला माणूस दोन मिनिटांत सावरतो. अपघाताचं, प्रेताचं किंवा विकृत लैंगिक चित्र डोळ्यांसमोर आलं की ते उतरत नाही, रात्री झोपताना परत येतं. धडधड थांबते, चित्र राहतं. त्यामुळे दुसऱ्या मशीनचा बेत मी पूर्ण बदलायला सांगेन.

इतिहास म्हणून मात्र तो विषय भरपूर आहे, आणि एकही चित्र न दाखवता सांगता येतो. प्रेतांचे, अपघातांचे फोटो गोळा करणारी एक अमेरिकन साइट १९९६पासून होती. ती २०१७मध्ये कायमची गेली. ख्रिसमस बेटाच्या ‘.सीएक्स’ पत्त्यावर १९९९पासून असलेलं एक किळसवाणं पान जगभर खोड्यांसाठी वापरलं गेलं. जानेवारी २००४मध्ये तक्रारीनंतर त्या बेटाच्या नोंदणी संस्थेने तो पत्ताच बंद केला. जेमतेम दीड-दोन हजार वस्तीचं बेट, आणि त्याचं नाव जगाला असल्या कारणाने माहीत व्हावं. प्रत्यक्ष हिंसेचे व्हिडिओ दाखवणारी आणखी एक साइट २००६मध्ये लाइव्हलीक नावाच्या नव्या रूपात आली, ती मे २०२१मध्ये बंद झाली. बाकीची नावं इथे मुद्दाम लिहीत नाही आणि तूही फलकावर लिहू नकोस. नाव वाचलं की दहावीतला मुलगा घरी जाऊन तेच शोधणार. धूसर केलेलं चित्र तर त्याहून वाईट. ‘खाली काय आहे’ हा प्रश्न ते स्वतःच विचारतं आणि उत्तर प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर असतं.

कायद्याचीही बाजू आहे, ती तुमच्या सरांना आधी दिसेल. अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७मध्ये येतं, पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक कृतीचं चित्र असेल तर कलम ६७अ, ५ वर्षं आणि १० लाख. ‘प्रदर्शनात शैक्षणिक हेतूने’ हे स्पष्टीकरण द्यायची वेळ तुझ्यावर किंवा प्राचार्यांवर का आणायची?

त्याऐवजी दुसऱ्या मशीनवर फसवणुकीची कला दाखव, ती खरी बघण्यासारखी आहे. त्या काळी खोडी काढणारे दुव्यावर एक नाव लिहायचे आणि आत पत्ता दुसराच घालायचे. स्लॅशडॉट या बातम्यांच्या साइटने त्यावर उपाय म्हणून वाचकांच्या प्रतिक्रियांमधल्या दुव्यापुढे कंसात खरं डोमेन छापायला सुरुवात केली. मग खोडकरांनी मधलं पुनर्निर्देशन शोधलं, म्हणजे दुवा आधी एका साध्या पत्त्यावर जाणार आणि तिथून आपोआप दुसरीकडे. २००२मध्ये टायनीयूआरएल आलं, लांब पत्ता छोटा झाला आणि खरं ठिकाण पुन्हा झाकलं गेलं. नंतर त्यांनीच ‘आधी बघा, मग उघडा’ अशी सोय दिली. कुलूप आणि चोर यांची ही स्पर्धा एका पानात मांडता येते. पाच दुवे ठेव: एकावर ‘हिवाळी परीक्षेचा निकाल’, एकावर ‘शिष्यवृत्ती यादी’, असं काहीही. माउस नुसता वर नेला की ब्राउझरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो, तो वाचून सांगायचं कोणता खरा. चुकला तर उघडेल शेंगा चटणीचा मोठा फोटो आणि खाली ‘कडक भाकरी आणलीत का?’ फसल्याची फजिती तीच, रात्रीची झोप शाबूत. इंटरनेटने २००७मध्ये हेच केलं होतं. तोच फसवा दुवा, पण उघडल्यावर रिक ॲस्टलीचं १९८७चं गाणं. बाकी शॉक साइट्स जुन्या झाल्या, ती खोडी अजून चालते.

आणखी एक जमणारी गोष्ट म्हणजे उड्या मारणाऱ्या खिडक्या. एक पान उघडलं की छोट्या खिडकीत हसरे चेहरे आणि ‘तू मूर्ख आहेस’ असं गाणं. बंद करायला जावं तर ती खिडकी पळते आणि एकाच्या सहा होतात. त्यात विषाणू वगैरे काही नव्हतं. नवी खिडकी उघडा, हलवा, बंद होताना आणखी उघडा, एवढ्या साध्या जावास्क्रिप्टच्या आज्ञा ब्राउझर तेव्हा निमूटपणे पाळायचा. विंडोज ९८च्या मशीनची ६४ एमबी मेमरी दोन मिनिटांत संपायची आणि मालकाकडे रिसेटचं बटण दाबण्याखेरीज इलाज नसायचा. ऑगस्ट २००४मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २बरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पॉपअप रोखायची सोय आली आणि हा प्रकार ओसरला. आज खऱ्या खिडक्यांनी हे करून बघू नकोस, ब्राउझर अडवेल आणि अडवलं नाही तर मशीन अडकेल. एकाच पानात चौकोन काढून त्यांना उड्या मारायला लाव आणि एस्केप दाबलं की सगळे नाहीसे होऊ देत.

आता मुख्य मशीन. जुनी फ्लॅश फाइल शोधत बसू नकोस. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेयरमध्येच ती चालणं बंद केलं. रफल नावाच्या एम्युलेटरवर, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, बऱ्याच जुन्या फाइली चालतात, पण तो चेहरा चित्रपटातला, खेळ दुसऱ्याचा. आणि आज ‘मूळ खेळ’ म्हणून ज्या साइट्सवर नकला मिळतात त्यांवर जाहिरातींचा चिखल असतो. एचटीएमएलच्या कॅनव्हासवर, म्हणजे वेबपानातच चित्र काढायच्या सोयीवर, हा खेळ दोन संध्याकाळचं काम आहे. चेहरा वर्गातल्या चित्र चांगलं काढणाऱ्याकडून घे.

वाटेची रुंदी १०२४ × ७६८च्या पडद्यावर पहिल्या टप्प्यात ८० पिक्सेल, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात १४ इथून सुरुवात कर. १०च्या खाली गेलास तर लोक वैतागून उठतात. भिंतीला लागलं की त्याच टप्प्याच्या सुरुवातीला ने, पहिल्यापासून नको, नाहीतर रांग हलणार नाही. एका माणसाला दीड मिनिट धर. विंडोजच्या माउस सेटिंगमधलं ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद कर; ते चालू असलं की वेगाने हलवल्यावर ठिपका जास्त पळतो आणि हात स्थिर असूनही भिंतीला लागतो. गोळीचा जुना माउस वापरणार असशील तर आतले तीन रोलर काडीने खरवडून साफ कर, त्यांवर मळाची कडी बसते आणि ठिपका उड्या मारतो. खेळाडूला वाटलं की आपण माउसमुळे हरतोय, तर ताण जातो आणि चिडचिड उरते.

दचक कुठे ठेवायची? तिसऱ्या टप्प्यात चार जागा ठरव आणि दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी एक. या पाचांतली एक दर खेळाला आपोआप निवडली जाऊ दे. आणि दर पाच-सहा खेळांत एकदा काहीच येऊ देऊ नकोस. तो माणूस घामाघूम होऊन शेवटापर्यंत पोचेल, ‘जिंकलात’ असं दिसेल आणि बाहेर येऊन सांगेल की भूतबीत काही नाही. तुझी सगळ्यात चांगली जाहिरात हीच.

तांत्रिक गोची इथे होते: आवाज. क्रोमने एप्रिल २०१८पासून, म्हणजे ६६व्या आवृत्तीपासून, वापरणाऱ्याने पानावर काही क्लिक केल्याशिवाय आवाज आपोआप वाजवणं थांबवलं. नुसता माउस फिरवणं क्लिकमध्ये धरत नाहीत. म्हणून सुरुवातीला ‘सुरू करा’ हे बटण ठेव आणि त्याच क्लिकवर ध्वनीफाइल तयार करून ठेव; नाहीतर चेहरा मुका येईल. ब्लूटूथ स्पीकर तर अजिबात नको. त्यात आवाज दीड-दोन दशांश सेकंद मागे पडतो, शिवाय शांततेत तो झोपतो आणि जागा होताना पहिला तुकडा गिळतो. आधी चित्र, मग आवाज असं झालं की लोक हसतात. साधे वायरचे स्पीकर, पडद्याच्या दोन बाजूंना.

हेडफोन देऊ नकोस, कितीही मोह झाला तरी. कानाला लावलेला हेडफोन १०० डेसिबलच्या वर सहज जातो आणि कोणी आधी आवाज वाढवून ठेवला असेल तर तुला ते बाहेरून कळतही नाही. स्पीकरचा आवाज खेळणाऱ्याच्या कानापाशी ८०-८५ डेसिबल इतका ठेव. मोबाइलवरचं मोजमाप ढोबळ असतं, चालेल. आवाज किती मोठा याइतकंच आधी किती शांत होतं हेही बघावं लागतं. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये गोंगाटच ७० डेसिबलच्या आसपास असणार, त्यावर ८५चं काही वाटणार नाही. इथे आपलं गाव उपयोगी पडेल. घरोघरी सोलापुरी चादरी आहेत, त्या दुहेरी करून तीन बाजूंनी टांग. जाड सुती कापड आवाज थोडाफार खातं आणि आत अंधारही होतो. मागची बाजू मोकळीच ठेव. चादर मॉनिटरच्या वरच्या जाळीला टेकू देऊ नकोस, तिथून गरम हवा बाहेर पडते.

पार्टिशनबद्दल एक गंमत. २०११च्या सायबर कॅफे नियमांनी पार्टिशनची उंची जमिनीपासून साडेचार फुटांवर आणली, अल्पवयीन मुलाला पालकाशिवाय क्युबिकलमध्ये बसायला मनाई केली आणि वापराची नोंद वर्षभर ठेवायला लावली. तुझं कॅफे २००४चं, तेव्हा उंच प्लाय लाव. पण नियमाची ती साडेचार फुटांची रेघ प्लायवर खडूने ओढ आणि बाजूला साल लिही. उंच प्लायच्या आत काय काय चालायचं ते लोक आपसूक समजतील.

डबा मॉनिटर भंगारवाल्याकडे मिळेल, घेण्याआधी तिथेच चालवून बघ. १७ इंची असेल तर १५ किलोच्या वर भरतो, प्लास्टिकच्या टेबलावर ठेवू नकोस. रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढलं जातं तो आकडा, ६० असेल तर पडदा डोळ्यांना थरथरताना जाणवतो, ७५ किंवा ८५ कर. लॅपटॉपला फक्त एचडीएमआय असेल तर व्हीजीएसाठी, म्हणजे डबा मॉनिटरच्या जुन्या जोडणीसाठी, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसत्या वायरने चित्र येत नाही. आणि मॉनिटर बिघडला तर उघडायचा नाही. आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. तुझं बजेट ४ हजार आहे, त्यात दुसरा मॉनिटर बसेल; दवाखाना बसणार नाही.

चेहरा आला की तो स्थिर ठेव, एक सेकंद, मग काळा पडदा. लुकलुक करायचा मोह होईल, तो टाळ. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगझगाट, त्यात लाल रंगाचा, काही जणांना फेफरं आणू शकतो. १६ डिसेंबर १९९७ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा झगझगाट दाखवला गेला आणि ६८५ मुलांना रुग्णालयात नेण्यात आलं. ते अपघाताने झालं. मार्च २००८मध्ये काही लोकांनी एपिलेप्सी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या संकेतस्थळावर मुद्दाम लुकलुकणारी चित्रं टाकली, त्या आजाराचे लोक तिथे येतात हे माहीत असून. ‘गंमत केली’ असंच त्यांचंही म्हणणं असेल.

बसायला चाकांची किंवा हलकी प्लास्टिकची खुर्ची नको. माणूस मागे झटका देतो आणि खुर्चीसकट जातो. जड लाकडी बाक चांगला, मागे तीन फूट मोकळी जागा, टेबलावर चहा-पाणी नाही. आणि मोबाइलवर कोणाचं चित्रीकरण नाही, विशेषतः शाळेच्या मुलांचं.

मग राहतो बोर्ड. मजकूर असा सुचवतो: ‘हा घाबरवण्याचा खेळ आहे. खेळताना अचानक मोठा आवाज आणि भयानक चेहरा येईल. कधी, ते आम्हालाही माहीत नाही.’ शेवटचं वाक्य खरंच आहे, कारण जागा मशीन निवडतंय. त्या वाक्याने रांग वाढेल बघ. गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुआंच्या बाहेर काय लिहिलेलं असतं? ‘आत फुलं आहेत’ असं तर नसतं. धोका बाहेरच मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो, आणि तिकीट त्याचंच असतं. खेळांच्या बाजारानेही पुढे हेच केलं. २०१२चा ‘स्लेंडर’, ८ ऑगस्ट २०१४ला आलेला स्कॉट कॉथनचा ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’, आपल्याकडे पोरांच्या मोबाइलवर धुमाकूळ घातलेला २०१७चा ‘ग्रॅनी’, सगळ्यांनी वेष्टनावरच सांगितलं की आम्ही घाबरवणार. तरी लोक दारं बंद करून, दिवे घालवून खेळले. फ्रेडीमध्ये बाहुला अंगावर येणार हे पहिल्या मिनिटापासून माहीत असतं. रात्र सरेस्तोवर कॅमेरे आणि वीज सांभाळत वाट बघणं हाच तो खेळ. म्हणजे मैत्रीण तुझ्या स्टॉलमधून भीती काढून घेत नाहीये. ती तुला २००४मधून २०१४मध्ये आणतेय.

बोर्डाखाली लहान अक्षरांत: १२ वर्षांखालील मुलं, हृदयविकार, फेफरं असलेले आणि गरोदर स्त्रिया यांनी शेजारच्या मशीनवर खेळावं. शेजारी तोच चक्रव्यूह, शेवटी टाळ्या. बोर्ड वाचतात सगळे असं समजू नकोस. आत सोडताना एकाने तोंडी विचारायचं, ‘वाचलंत ना? खेळायचंय?’ हो म्हणाला तरच. नको म्हणणाऱ्याला चिडवायचं नाही, हे रांगेतल्या तुमच्या मित्रांनाही आधी सांगून ठेव. टोळकं मागून ढकलतं तेव्हा ‘हो’ला अर्थ राहत नाही.

इतर वाचकांसाठी, विशेषतः ज्यांच्या घरी हे व्हॉट्सॲपवरून आधीच येऊन गेलंय त्यांच्यासाठी थोडं. मूल दचकून रडत असेल तर ‘एवढ्याला घाबरलास?’ म्हणू नका. शांत झालं की दिवसाउजेडी, आवाज बंद करून, मुलाला हवं असेल तरच, तेच चित्र लहान आकारात दाखवा आणि ते कसं बनवतात ते सांगा. कळ दाबणारा हात दिसला की भूत लहान होतं. विकृत चित्र बघितलं असेल तर मात्र पुन्हा दाखवायचं नाही. कोणी पाठवलं ते न रागावता विचारायचं, मोबाइल लगेच हिसकावायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही. अशी सामग्री कोणी मुद्दाम पाठवत असेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. झोप, भूक बिघडलेली आठवडाभर राहिली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं.

तुझ्याकडे परत. मैत्रिणीला सांग की बोर्ड लागतोय, आणि तो तिलाच लिहायला दे. ‘कधी, ते आम्हालाही माहीत नाही’ हे वाक्य तिने लिहिलं तर जास्त खणखणीत लिहील. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी हॉल भरलेला असताना दहा जणांवर चाचणी घे. प्रत्येकाला किती वेळ लागला, कितीदा भिंतीला लागला, दचकला की हसला, हे वहीत टिपून ठेव आणि वाटेची रुंदी त्यावरून बदल. त्या दहांतला पहिला दादा. त्याला बोर्ड वाचायला लाव, मग खुर्चीत बसव. मागे तुम्ही तिघं उभे राहा.